पगार नाही, पण हिशेब आहे

पालघर जिल्ह्यात पगाराविना सरकारी कामाला हातभार लावणारी माणसं गावोगाव आहेत. बंदोबस्ताला उभे राहणारे होमगार्ड, तारापूर-बोईसर पट्ट्यातले नागरी संरक्षण दलाचे क्षेत्ररक्षक, सातपाटी-मुरब्यापासून डहाणूपर्यंत किनाऱ्यावर नजर ठेवणारे सागर रक्षक दलाचे तरुण, आपदा मित्र, ग्रामसुरक्षा दलाचे सदस्य आणि दाखल्यांवर सही-शिक्का करणारे विशेष कार्यकारी अधिकारी. यांतल्या कुणाला कामाच्या दिवसाचा भत्ता मिळतो, कुणाला तोही नाही. पण अंगात जॅकेट आणि गळ्यात ओळखपत्र आलं की समोरच्या माणसासाठी हे सगळे सरकारच असतात.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्यासाठीच्या केंद्रीय यादीत महाराष्ट्रातली सोळा ठिकाणं होती आणि पहिल्या वर्गात मुंबई व उरणच्या जोडीला तारापूर होतं. त्याचं कारण इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. १९६९ पासून चालू असलेलं अणुऊर्जा केंद्र, त्याच्या शेजारी रसायनांची औद्योगिक वसाहत, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला मुंबई-गुजरात रेल्वेमार्ग असं सगळं काही मैलांत एकवटलेलं आहे. अशा सरावानंतर नाव नोंदवायला तरुण पुढे येतात आणि त्यांना दोराच्या गाठी, स्ट्रेचर, आगीचा सिलिंडर, प्रथमोपचार शिकवले जातात. ते शिकवलंच पाहिजे. पण हातात आलेला अधिकार कसा वापरायचा आणि त्याचा जाब कुणाला द्यायचा, हे फार कमी वेळा शिकवलं जातं. हा लेख त्याविषयी आहे.

सुरुवात एका वाक्यापासून करतो, कारण बहुतेक बिघाड तिथून सुरू होतो. ‘आम्ही कुठे पगार घेतो?’ हे ते वाक्य. मदतीच्या सामानातून दोन ब्लँकेटं घरी गेली, नाक्यावर ट्रकवाल्याकडून चहापाण्याचे पैसे घेतले, रांगेत ओळखीच्या माणसाला पुढे घेतलं, की विचारणाऱ्याला हेच उत्तर मिळतं. उत्तर देणारा माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याने खरोखर रात्री जागून काढलेल्या असतात, स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल घातलेलं असतं. त्यामुळे आपण समाजाला जितकं दिलं त्यातलं थोडं परत घेतलं तर काय बिघडलं, असं त्याला मनापासून वाटतं. मला हे वाटणं लाचेपेक्षाही घातक वाटतं. लाच घेणाऱ्याला आपण चुकतोय हे ठाऊक असतं. यांना तेही ठाऊक नसतं.

भत्त्याचा प्रश्न खरा आहे. महाराष्ट्रात होमगार्डचा कर्तव्यभत्ता बरीच वर्षं दिवसाला ५७० रुपये होता, तो ऑक्टोबर २०२४ पासून १,०८३ रुपये झाला. होमगार्डला मिळणारी रक्कम पोलिसाच्या किमान वेतनाच्या तोडीची असावी, अशी दिशा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच दिली होती. भत्ता थकला असेल तर लेखी मागा, संघटनेतून मागा, आमदारांकडे जा. तो तुमचा हक्क आहे. मात्र सरकारकडून राहिलेलं येणं नाक्यावरच्या टेम्पोवाल्याकडून वसूल करता येत नाही. ही दोन खाती कधीही एकत्र करू नका.

तुमच्या हातात नेमकं काय आहे

डिसेंबर १९४६ मध्ये दंगलींच्या दिवसांत, मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना मुंबईत होमगार्ड उभे राहिले आणि पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी मुंबई होमगार्ड कायदा झाला. त्या कायद्यातला कळीचा मुद्दा आजही तोच आहे. होमगार्डला पोलिसासारखे अधिकार आणि संरक्षण मिळतं ते त्याला कर्तव्यावर बोलावलं असेल तेव्हा. बोलावणं संपलं की अधिकार संपला. रविवारी संध्याकाळी बोईसर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी भाडेवाद झाला म्हणून होमगार्डचं ओळखपत्र पुढे करणं हा अधिकाराचा वापर नाही, धाक आहे.

नागरी संरक्षण दलाची गोष्ट वेगळी. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्याखाली ते चालतं आणि २००९ च्या दुरुस्तीनंतर युद्धाबरोबर आपत्तीही त्याच्या कक्षेत आली. क्षेत्ररक्षकाचं काम इशारा पोचवणं, माणसं सुरक्षित हलवणं, जखमींना मदत करणं आणि नियंत्रण कक्षाला खरी माहिती देणं हे आहे. झडती घेणं, दंड करणं, गाडीची चावी काढून घेणं हे त्याचं काम नाही. आपदा मित्राला बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, त्याचाही झडतीशी संबंध नाही. ग्रामसुरक्षा दलाची तरतूद महाराष्ट्र पोलीस कायद्यात आहे. त्यामुळे ते दल पोलीस अधीक्षकांच्या अधिकाराखाली बनतं. गावातल्या पाच-पंचवीस जणांनी काठ्या घेऊन रात्री फिरायला सुरुवात केली म्हणून ते ग्रामसुरक्षा दल होत नाही.

कुणाला पकडायची वेळ आलीच तर? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार कोणताही नागरिक, आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला किंवा घोषित गुन्हेगाराला अटक करू शकतो. ‘डोळ्यांसमोर’ हे लक्षात ठेवा. संशय पुरेसा नाही, कुणी तरी सांगितलं हेही पुरेसं नाही. शिवाय त्या माणसाला विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मधल्या वेळात त्याला मारहाण, कपडे काढणं, व्हिडिओ करणं, कबुली घेणं यांतलं काहीही करायचा अधिकार तुम्हाला नाही. मारहाणीचा तर पोलिसालाही नाही.

विशेष कार्यकारी अधिकाऱ्यांसाठी इथेच दोन शब्द. तुमच्याकडे काठी नाही, शिक्का आहे, आणि त्याचा दुरुपयोग जास्त शांतपणे होतो. सही केलेल्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा झेरॉक्सच्या दुकानात ठेवून देणं ही पद्धत अनेकांना सोय वाटते. त्या गठ्ठ्यातला एखादा कागद खोट्या रहिवासी दाखल्यावर गेला तर सही तुमचीच असणार आहे. मूळ कागद आणि माणूस समोर असल्याशिवाय सही करू नका, आणि केलेल्या प्रत्येक सहीची एक ओळ स्वतःच्या वहीत ठेवा. तारीख, नाव, कशासाठी, एवढं पुरे. सही-शिक्क्याचे पैसे मात्र कधीही घेऊ नका, समोरचा खुशीने देत असला तरी.

१६ एप्रिल २०२०

पालघरमध्ये राहून या विषयावर लिहायचं आणि गडचिंचले टाळायचं, हे मला जमणार नाही. करोनाच्या टाळेबंदीचे दिवस होते. डहाणू-कासा पट्ट्यात चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याच्या अफवा मोबाइलवरून पाड्यापाड्यांत पोचल्या होत्या. कुणी लेखी आदेश दिला नव्हता, तरी गावोगाव रात्रीचे पहारे सुरू झाले होते. त्याच भागात मदत वाटून परतणाऱ्या एका डॉक्टरांवर आणि त्यांना सोडवायला गेलेल्या पोलिसांवर हल्ला झालेला होता. इशारा मिळालेला होता, असाच त्याचा अर्थ. मग १६ एप्रिलच्या रात्री दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळ, मुंबईहून सुरतकडे अंत्यविधीला निघालेल्या दोन साधूंची गाडी गडचिंचले इथल्या वनखात्याच्या नाक्यावर अडवली गेली. दोन्ही साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. पोलीस हजर असताना मारले गेले. गावच्या महिला सरपंचांनी जमावाला थांबवायचा प्रयत्न केला, तो अपुरा पडला. शंभरावर माणसांना अटक झाली. पुढचे कित्येक दिवस देशभर या घटनेला धार्मिक रंग देणाऱ्या नव्या अफवा पसरत राहिल्या आणि राज्याच्या गृहमंत्र्यांना अटकेतल्यांची यादी जाहीर करून त्या खोडाव्या लागल्या.

त्या रात्री जे घडलं त्याची सुरुवात दुष्ट हेतूने झाली असं मला वाटत नाही. आपल्या मुलांचं रक्षण करायला माणसं बाहेर पडली होती. पण त्या पहाऱ्याला ना प्रमुख होता, ना नोंद, ना कुणाला जाब द्यायची बांधिलकी. कुणाला अडवायचं, किती वेळ, अडवल्यावर पहिला फोन कुणाला करायचा, हे ठरलेलं नव्हतं. असा पहारा चांगल्या माणसांचा असला तरी एका शिट्टीसरशी जमाव होतो.

म्हणून आज तुमच्या गावात रात्रीचा पहारा सुरू करायचं ठरत असेल तर आधी पोलीस पाटलांकडे आणि पोलीस ठाण्यात जा. पहाऱ्यात कोण कोण आहे त्यांची नावं लेखी द्या आणि त्या रात्रीचा जबाबदार माणूस कोण ते त्या यादीत लिहा. अनोळखी गाडी दिसली तर तिचा नंबर लिहून पोलिसांना ११२ वर कळवायचं, गाडीला घेराव घालायचा नाही, हे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. दारू प्यायलेल्याला पहाऱ्यावर घेऊ नका, मग तो कितीही धडधाकट असो. कोयता, कुऱ्हाड घरी. शेवटचं आणि सगळ्यात अवघड म्हणजे जमाव जमू लागला की तुमचं काम बदलतं. त्या क्षणापासून अडवलेल्या माणसाचा जीव वाचवणं हे तुमचं पहिलं कर्तव्य. तुम्ही गावचे आहात, लोक तुम्हाला ओळखतात, म्हणून तुमचं ऐकण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. ती पहिल्या काही मिनिटांतच असते.

अफवेच्या बाबतीत आणखी एक सांगतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा धुंदलवाडीसारख्या गावांतली माणसं थंडीत घराबाहेर झोपत होती. भूकंपाची नेमकी वेळ आधी सांगण्याचं शास्त्र जगात कुणाकडे नाही. तरीही ‘आज रात्री मोठा येणार’ असा संदेश आला तर तो कितीही काळजीपोटी असला, गणवेशातल्या माणसाने पुढे पाठवला की तो सरकारी इशारा होतो. तुमच्या नावावरून गेलेला प्रत्येक संदेश अधिकृत समजला जाणार, हे धरूनच मोबाइल वापरा. खात्री करायची तर जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर विचारा, किनाऱ्यावर असाल तर सागरी पोलिसांना १०९३ वर.

स्वयंसेवकाच्या हाती जास्त अधिकार आणि कमी देखरेख दिली की काय होतं, याचा दाखला छत्तीसगडमध्ये आहे. तिथे नक्षलवादाविरुद्ध आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून हाती बंदुका दिल्या गेल्या. नंदिनी सुंदर आणि इतरांच्या याचिकेवर ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. तुटपुंजं मानधन, अपुरं प्रशिक्षण आणि जीवघेणं काम ही सांगड त्या तरुणांवरही अन्याय करणारी होती, हे न्यायालयाने स्पष्ट केलं. स्वयंसेवकांच्या नेमणुका करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने तो निकाल वाचावा असं मला मनापासून वाटतं.

कारखाना तुमचा, गावही तुमचं

बोईसरमधली खरी कसोटी निराळी आहे. इथल्या स्वयंसेवकांपैकी अनेक जण दिवसा किंवा रात्रपाळीला औद्योगिक वसाहतीतच कामाला असतात. रसायनं, व्हॉल्व्ह, रिअ‍ॅक्टर यांची माहिती असलेला क्षेत्ररक्षक दलाला हवाच असतो. पण ज्या कंपनीतून त्याचा पगार येतो तिथेच वायू सुटला तर?

प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रात्री अकराचा सुमार आहे. पास्थळ, कुंभवली, कोळवड्याच्या बाजूला उग्र वास येतो आहे, डोळे चुरचुरताहेत, बायका मुलांना घेऊन दारात आल्या आहेत. तुम्हाला वासावरून अंदाज आला आहे की हे कुठून येतंय. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन येतो, ‘लोकांना सांग, किरकोळ आहे, आटोक्यात आहे.’ तुम्ही जॅकेट घालून वस्तीत उभे आहात आणि लोक तुमच्या तोंडाकडे बघताहेत.

अशा वेळी काय करायचं ते त्या रात्री ठरवायचं नसतं. नेमणूक होतानाच आपण कुठे नोकरीला आहोत, घरातलं कुणी कोणत्या कंपनीचं कंत्राटदार आहे का, हे नागरी संरक्षणाच्या उपनियंत्रकांच्या कार्यालयाला लेखी द्या. आपल्याच कंपनीत घटना घडली तर लोकांना माहिती देण्याचं काम दुसऱ्या क्षेत्ररक्षकाकडे सोपवा आणि आपण आत काय साठा आहे, वारा कुठे आहे, ही तांत्रिक माहिती नियंत्रण कक्षाला द्या. ‘सगळं ठीक आहे’ हे शब्द कुणाच्याही सांगण्यावरून उच्चारू नका, ते सांगायचा अधिकार तपासणी करणाऱ्यांचा आहे. लोकांना तेवढंच सांगा जे तुम्हाला नक्की ठाऊक आहे. वास येतोय, वाऱ्याच्या आडव्या दिशेने चला, ओला रुमाल नाकाला लावा, अग्निशमन दलाला कळवलं आहे, इतकं पुरतं. ‘मला अजून माहीत नाही, कळलं की सांगतो’ असं म्हणणाऱ्या माणसावर लोक पुढच्या वेळीही विश्वास ठेवतात.

आणि माहिती मागण्यात तुम्ही कुणावर उपकार मागत नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात कलम ४१-ब आलं. घातक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याने धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या लोकांना दिली पाहिजे, असं त्यात सांगितलं होतं; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा घेणाऱ्या संहितेतही ते बंधन आहे. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट असतो आणि औद्योगिक क्षेत्रासाठी स्थानिक गट. त्या गटाच्या बैठका होतात का, सरावात निघालेल्या त्रुटी पुढच्या वेळेपर्यंत दूर झाल्या का, हे विचारत राहणं हा क्षेत्ररक्षकाच्या कामाचाच भाग आहे. अणुऊर्जा केंद्राभोवती सोळा किलोमीटरपर्यंतचं क्षेत्र आणीबाणीच्या नियोजनात धरलेलं असतं. म्हणजे बोईसर, चिंचणी, तारापूर त्यात येतात. तिथल्या लोकांना घरात थांबा, दारं-खिडक्या बंद करा, पुढच्या सूचनेची वाट पाहा, असं एखाद्या दिवशी सांगायची वेळ आलीच, तर ते ऐकतील की रस्त्यावर धावतील हे त्या दिवशीच्या भोंग्यावर ठरणार नाही. त्याआधीच्या दहा वर्षांत तुम्ही त्यांच्याशी किती खरं बोललात यावर ते ठरेल.

११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोळवड्याजवळच्या कारखान्यात स्फोट झाला, त्यात आठ जण गेले. २१ ऑगस्ट २०२५ ला वायुगळतीत चार कामगार दगावले. दरवेळी गेटबाहेर नातेवाइकांची तीच तगमग असते, आत आमचा माणूस होता का? कंत्राटी कामगाराचं नाव अनेकदा कंपनीच्या हजेरीपटावर नसतं आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्याचं तर गावातही कुणी नसतं. इथे तुमची वही मोलाची ठरते. कुणाला बाहेर काढलं, किती वाजता, कोणत्या रुग्णवाहिकेतून कोणत्या रुग्णालयात नेलं, हे लिहा. मृतांचा आकडा मात्र स्वतःहून कुणालाही देऊ नका, पत्रकाराला नाही, शेजाऱ्यालाही नाही.

दिवाळीच्या भेटी हाही याच प्रकरणाचा भाग आहे. मिठाईचा डबा, टी-शर्ट, ‘आमच्याकडून पथकाला पाच हेल्मेट’. साहित्याची मदत कंपनीला करायची असेल तर ती कार्यालयाच्या नावे, पत्राने, साठा नोंदवहीत चढवून. पथकाच्या कुणा एकाच्या हातात नाही. होमगार्ड लोकसेवक आहे आणि १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक कर्तव्य पार पाडणारा माणूस लोकसेवकच धरला आहे, तो पगारी असो वा नसो. कुणी तुमच्या नावावर पैसे मागतोय असं कळलं तर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

अंगठा घेताना

मदतवाटपाच्या नोंदवहीवर थोडं थांबतो, कारण विश्वास सगळ्यात जास्त तिथेच गमावला जातो. पूर आला, घर पडलं, आग लागली, की शिधा, ताडपत्री, चादरी येतात. पाड्यावर टेबल लागतं. एक जण नाव पुकारतो, दुसरा शाईचा पॅड पुढे करतो, म्हातारी अंगठा उठवते, पिशवी घेते आणि जाते. त्या ओळीत ‘ताडपत्री १, तांदूळ १० किलो, चादर २’ असं लिहिलेलं आहे आणि पिशवीत चादर एकच आहे, हे तिला कळत नाही. कळलं तरी जॅकेटवाल्यापुढे ती बोलत नाही. वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबांनी गणवेशापुढे गप्प राहायचं कित्येक पिढ्या शिकलेलं आहे. त्यांचं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे.

म्हणून अंगठा घेण्याआधी त्या ओळीतल्या वस्तू मोठ्याने वाचा आणि एकेक वस्तू हातात द्या. आधी अंगठा आणि नंतर सामान, हा क्रम कधीच नको. टेबलावर दोघे हवेत, त्यांतला एक त्या पाड्यावरचा, शक्यतो बचत गटातली बाई. आलेल्या मालाचा एकूण आकडा आणि वाटलेल्याचा आकडा संध्याकाळी शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर खडूने लिहा. उरलेलं किती आणि ते कुणाच्या ताब्यात, हेही. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, पेसा कायदा लागू आहे, ग्रामसभेला वजन आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत तो हिशेब वाचून दाखवा, कुणी मागितला नसला तरी.

दुर्घटनेच्या जागी सापडलेल्या वस्तूंचंही असंच. मृताच्या अंगावरचं मंगळसूत्र, पाकीट, मोबाइल काढून सुरक्षित ठेवायची घाई अनेकांना होते. ते काम पोलिसांच्या पंचनाम्याचं आहे. अगदी हलवावंच लागलं तर दोघांसमोर, वस्तू मोजून, लिहून, पोलिसांकडे देऊन पोच घ्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते तेव्हा ढिगारे उपसणाऱ्या बचाव पथकांतल्या काही माणसांवरच लुटीचे खटले झाले होते. जिवावर उदार होऊन काम करणारा माणूस त्याच ढिगाऱ्यातली वस्तू खिशात घालू शकतो, हे मान्य करूनच नियम करायचे असतात. नियम प्रामाणिक माणसाला संशयापासून वाचवतो.

फोटोचं थोडक्यात सांगतो. जखमी, मृतदेह, रडणारी आई यांचे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये नकोत. कार्यालयाने नेमलेल्या एकानेच नोंदीसाठी काढावेत. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, ग्रुपवर फक्त नाव टाकलं तरी. मदत देतानाचे फोटोही त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय काढू नका. तांदळाची पिशवी घेतानाचा आपला फोटो गावभर फिरावा असं कुणालाच वाटत नसतं.

निवडणुकीच्या काळात पक्षाचं काम करायचं असेल तर त्या काळापुरतं पद खाली ठेवा आणि तसं कळवा. दोन्ही एकदम चालत नाही.

आपल्याच माणसाची तक्रार

पथकातला एखादा चुकतोय हे सगळ्यात आधी पथकालाच कळतं, आणि पथक गप्प बसतं. एकत्र रात्री काढलेल्या असतात, त्याच्या घरचं लग्न जेवलेलो असतो. हे अवघड आहे, सोपं करून सांगायचा माझा हेतू नाही. पण तक्रार करायची वेळ येते ती एकदाच मोठी चूक झाली म्हणून नाही, लहान चुका दहा वेळा दुर्लक्षित झाल्या म्हणून. पहिल्या वेळी स्वतः बोला, दुसऱ्या वेळी पथकप्रमुखाला सांगा, तिसऱ्या वेळी लेखी द्या. पैसे, मारहाण किंवा बाईमाणसाशी गैरवर्तन असेल तर मात्र पहिल्याच वेळी लेखी.

प्रमुखांनो, तुमची जबाबदारी याहून मोठी आहे. तालुका समादेशक असा, विभागाचे क्षेत्ररक्षक असा, तुमच्याकडे लोकांनी तक्रार कुठे करायची याचा फलक कार्यालयाबाहेर आहे का? त्यावर तुमच्याच हाताखालच्या माणसाचा नंबर तर नाही? तक्रार आली की त्या माणसाला चौकशी होईपर्यंत लोकांसमोरच्या कामावरून बाजूला घ्या. ती शिक्षा नव्हे, त्यालाही तसं सांगा. चौकशीत तो निर्दोष ठरला तर जितक्या लोकांसमोर तक्रार झाली तितक्याच लोकांसमोर तेही जाहीर करा. आणि पथकात पाड्यांवरची, कामगार वस्तीतली, बायकांची नावं किती आहेत ते मोजा. ज्या वस्तीतला एकही माणूस पथकात नाही, त्या वस्तीत तुम्ही परकेच राहता.

पद सोडताना ओळखपत्र, जॅकेट, शिट्टी, शिक्का सगळं परत करा आणि पोच घ्या. पद गेल्यावरही लोकसेवक असल्याचं भासवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे.

या आठवड्यात एक काम करा. घरात नेमणुकीचा लेखी आदेश शोधा. तो कुणाच्या सहीचा आहे, कोणत्या कायद्याखाली आहे आणि त्याची मुदत कधीपर्यंत आहे, हे वाचा. आदेश सापडला नाही तर कार्यालयातून प्रत मागा. मुदत संपली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज द्या आणि नवा आदेश हाती येईपर्यंत जॅकेट घरीच ठेवा.